घूं आणि सासूबाईंचं बोट

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने पहिलं काम काय केलं, तर माळ्यावर चढून वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर खाली उतरवला. मला वाटलं होतं, माणूस आता निदान भाजी तरी आणेल.

सासरे होते तेव्हा हा प्लेयर आमच्या उज्जैनच्या माधव नगरमधल्या घरात, बैठकीच्या खोलीत असायचा. वर भैरवगढचं छापील कापड आणि घरातल्या सगळ्यांसाठी एकच नियम: हात लावायचा नाही. धूळसुद्धा सासरे स्वतः पुसायचे. त्यांचं सगळ्यात जास्त लक्ष सासूबाईंवर. त्या नुसत्या जवळून गेल्या तरी वर्तमानपत्रामागून आवाज यायचा, "हात लावू नकोस." त्यामुळे सासूबाईंनी जन्मभर सगळी गाणी स्वयंपाकघरातून ऐकली. अजूनही एखादं गाणं लागलं की त्या म्हणतात, "या कडव्यानंतर कुकरची शिट्टी यायची."

तर प्लेयर उतरला. इंदूरहून नवा अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आले. पहिल्या रविवारी आम्ही तिघं नटूनथटून बसलो. नवऱ्याने श्वास रोखून सुई टेकवली आणि गाण्याच्या आधी सुरू झाली ती घूं. गाणं आलं, पण घूंच्या मागे उभं राहून आल्यासारखं.

"आत भुंगा अडकलाय का रे?" सासूबाईंनी विचारलं.

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याने लाल पिन पांढऱ्याच्या जागी आणि पांढरी लालच्या जागी लावून पाहिली. केबल बदलली. माझ्या दात घासायच्या ब्रशने पिना घासल्या आणि ब्रश परत जागेवर ठेवला, ते मला दुसऱ्या दिवशी चवीवरून कळलं. फ्रीजमुळे होत असेल म्हणून फ्रीज बंद केला. दूध नासलं, घूं ताजीच राहिली. इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड उघडून म्हणाला, "भाईसाब, घर की अर्थिंग एकदम बढ़िया है. मशीन ही बूढ़ी हो गई." नवऱ्याला हे इतकं लागलं की त्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही. शेजारचे काका म्हणाले, मशीनचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. नवरा त्यांच्या तोंडावर हसला आणि ते गेल्यावर त्याने गुपचूप प्लेयर पूर्वेकडे फिरवला. मग घूं पूर्वेकडून यायला लागली.

एका संध्याकाळी नवरा रेकॉर्ड तशीच वाजती ठेवून आत स्क्रू पिळायचा पेचकस शोधत होता. सासूबाई मटार सोलता सोलता उठल्या, वाकून भुंगा दिसतोय का ते पाहायला लागल्या, आणि तोल सावरताना त्यांचं बोट प्लेयरच्या पत्र्याला लागलं.

घूं बंद. नुसतं गाणं.

नवरा आतून धावत आला. "आई! काय केलंस?"

"मी नाही हात लावला!" सासूबाईंनी बोट झटकन मागे घेतलं. घूं परत सुरू.

"लाव! आई, परत लाव ना!"

सासूबाईंनी आधी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं. मग हळूच बोट टेकवलं. घूं गेली. नवऱ्याने स्वतःचं बोट लावून पाहिलं, घूं तशीच. मी लावलं, घूं तशीच.

"माझ्याच हाताला गुण आहे म्हणायचा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं राजकारण बदललं.

खरं कारण मला नंतर कळलं. नवरा आणि मी घरात रबरी चप्पल घालतो. सासूबाई घरात कधीच नाही, त्या उघड्या पायांनी फरशीवर. एकदा घरी कोणी नसताना मी चप्पल काढून बोट लावलं. घूं थांबली. मी मुकाट्याने चप्पल पायात सरकवली आणि याबद्दल कोणाला एक अक्षर सांगितलं नाही.

कारण सासूबाईंचा तोरा बघण्यासारखा होता. आधी त्यांना बसायला स्टूल लागलं, मग स्टुलावर उशी लागली, मग रेकॉर्डही त्याच निवडायला लागल्या. नवऱ्याला गझला हव्या असायच्या, पण बोट सासूबाईंचं, म्हणून भावगीतं. एखाद्या गायकाने त्यांना नको इतक्या ताना घेतल्या की त्या बोट उचलायच्या. "ऐकून घे आता," असं म्हणून सरळ घूं सोडायच्या त्याच्यावर.

उज्जैनला घर असलं की पाहुणे बोलवावे लागत नाहीत, महाकाल पाठवतो. नवऱ्याचा पुण्याचा मावसभाऊ आणि त्याची बायको दर्शन करून, कपाळभर गंध लावून थेट आमच्याकडे पोह्यांना आले. नवऱ्याने कौतुकाने रेकॉर्ड लावली. सासूबाई स्टुलावर, डोळे मिटलेले, बोट पत्र्यावर. मावसजाऊ जरा वेळ बघत राहिली, मग तिने पोह्यांची बशी खाली ठेवून वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी बोट न हलवता डाव्या हाताने आशीर्वाद दिला.

"घरची परंपरा आहे का?" तिने मला हळूच विचारलं. मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

ते गेल्यावर आवरताना मी प्लेयर उचलला, तर पोटाखाली जुन्या चिकटपट्टीने चिकटवलेली अर्थिंगच्या बारीक तारेची गुंडाळी दिसली. नवऱ्याला दाखवली. तो कपाळावर हात मारून खालीच बसला. अॅम्प्लिफायरच्या मागे नेमका तिच्यासाठी एक स्क्रू होता आणि आम्ही त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याने तार त्यात आवळली आणि रेकॉर्ड लावली. घूं गायब. सासूबाई नेहमीप्रमाणे येऊन स्टुलावर बसल्या, बोट पुढे केलं.

"आई, हात लावू नकोस!"

आवाज हुबेहूब सासऱ्यांचा. नवऱ्यालाही तो ऐकू गेला, कारण त्याचा चेहराच पडला. सासूबाईंचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते पदरात गुंडाळलं, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. गाणं पहिल्यांदाच इतकं स्वच्छ वाजत होतं. कडवं संपलं आणि आतून कुकरची शिट्टी आली.

मला नवऱ्याचा असा राग आला की स्पीकर उचलून शिप्रा नदीत टाकावेत.

"माझ्या मनात तसं नव्हतं," तो म्हणाला.

"मला नका सांगू. आत जाऊन सांगा."

तो गेला. काय बोलला ते कळलं नाही, नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई हात धुऊन, पदराला पुसून बाहेर आल्या. स्टूल पायाने बाजूला सारलं. जन्मभर दारातून पाहिलं होतं तसंच, फक्त कडांना धरून त्यांनी रेकॉर्ड काढली, चढवली आणि सुईचा दांडा उचलला. मग सुई टेकवायला वाकून रेकॉर्डची कड शोधायला लागल्या. नवऱ्याने आधार द्यायला स्वतःचा हात पुढे केला.

"हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

नवरा हात मागे घेऊन खाली बसला.