पायाळूची कंबर

मी आजवर निम्म्या दिग्रसला लाथा मारल्या आहेत आणि त्यातल्या एकानंही तक्रार केलेली नाही. उलट जाताना हात जोडून गेले.

कारण मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेली. आमच्याकडे अशा माणसाची लाथ म्हणजे औषध. कोणाच्या पाठीत चमक भरली, कंबर धरली, की त्यानं पायाळूकडे पाठ करून उभं राहायचं आणि पायाळूनं डाव्या पायानं तीनदा हळूच लाथ मारायची. माणूस सरळ! (सरळ नाही झाला तर दोष त्याच्या गादीचा. पायाळूचा कधीच नाही.) घाटंजीला, माझ्या माहेरी, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून हे काम करते. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून मला पावसाळाभर घरात कोंडत. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, म्हणून काकांनी मला वावरात अनवाणी फिरवलं आणि मी जिथे थांबले तिथे बोअर मारली. नुसती धूळ निघाली. खरं तर तेव्हाच कोणालातरी शंका यायला हवी होती.

माझं लग्नही पायांमुळेच जमलं. मुलगी पाहायला आलेल्या सासूबाई पोह्यांची प्लेट धरून एका अंगावर कलून बसल्या होत्या. त्यांनी स्वयंपाक विचारला नाही की शिक्षण विचारलं नाही.

"पायाळू हाये म्हने पोरगी?"

"हौ जी," काका म्हणाले.

"डाव्या पायानं मारते का उजव्या?"

"डाव्या."

"मंग पसंत हाये."

मुलाला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं!

तर लग्न होऊन मी दिग्रसला आले आणि दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर वाकलेली माणसं यायला लागली. शेजारचे रफिकचाचा तर ठरलेले. ते मेकॅनिक, दिवसभर ट्रकखाली घुसून असतात. वयानं माझ्या वडलांएवढे, मला फार संकोच वाटे.

"माफ करा हं चाचा."

"माफी बाद में बेटी, पहले मार!"

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आहे. तिथेही बातमी पोचली. एक दिवस साहेब इकडेतिकडे बघत माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, जरा रेकॉर्ड रूममध्ये येता का? कोणाला बोलू नका." साहेबांना लाथ मारायची इच्छा आमच्या कचेरीत सगळ्यांनाच आहे. मारली ती मी एकटीनं, आणि तीसुद्धा त्यांच्याच तोंडी आदेशावरून.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मला दिवस गेले, आणि पाचवा महिना लागला तशी माझीच कंबर धरली.

धरली म्हणजे कशी? बसताना दुखे, उठताना दुखे, कुशीवर वळताना तर देव आठवे. शिंक येणार असं वाटलं की मी आधी भिंत गाठायची. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "या दिवसांत दुखतं. फारच झालं तर रजा टाका." पण रजेतच तर माझा जीव अडकला होता! बाळंतपणाची रजा आत्ताच सुरू केली की तेवढे दिवस बाळ आल्यावर कमी. मी मनाशी पक्कं केलं होतं, नववा लागेपर्यंत टेबल सोडायचं नाही आणि रजेचा एकेक दिवस बाळासाठी राखायचा. मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. डोहाळेसुद्धा मी स्वस्तातलेच लावून घेतले होते.

सासूबाईंना भलतीच काळजी पडली. "तू लोकाईच्या कंबरा सरळ करून राह्यली अन् तुहीच कंबर दुखते? लोक काय म्हनतीन वं?"

"मी तरी काय करू आई? पायाळूची कंबर धरली तर पायाळूनं कोणाकडे जायचं?"

मग माझा नवरा पुढे झाला. ते शाळेत भूमिती शिकवतात.

"अगं, तूच मार ना."

"कोणाला?"

"तुला."

मी दाराची चौकट धरली, डावा पाय मागे उचलला, यांनी मागून घोटा धरून वर ढकलला. मी ओरडले. हे म्हणाले, "कोन बरोबर आहे, लांबी कमी पडते." टाच कुठेतरी पोचली खरी, पण जिथे पोचली ती कंबर नव्हती. शिवाय दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट!

मग सासूबाईंनी शक्कल काढली. "पाय नाई पोचत तर पायातलं पोचव." त्यांनी माझी डाव्या पायाची चप्पल धुतली, पुसली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि जुन्या ओढणीनं माझ्या कमरेला बांधून टाकली. चप्पल बांधून मी आठवडाभर कचेरीत गेले. साहेबांनी आस्थेनं विचारलं, "पट्टा लावला का मॅडम? बरं वाटतंय?" मी हो म्हटलं. वाटत काहीच नव्हतं, फक्त टोचत होतं. आणि तपासणीच्या दिवशी ती सोडायची मी साफ विसरले.

"हे काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पट्टा."

"यावर सहा नंबर लिहिलाय."

मग काय करता, सांगितलं सगळं. पायाळू, लाथा, रविवार, रफिकचाचा, साहेब. (साहेबांचं नाव नाही घेतलं. शब्द दिला होता.) डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही या पोटानं दर रविवारी एका पायावर उभ्या राहता? मागच्या वेळी मी विचारलं होतं ना, फार वेळ उभ्या राहता का? नाही म्हणालात!"

"दोन पायांवर नाही राहत हो."

त्या हसल्या नाहीत. गरोदरपणात सांधे सैल होतात, एका पायावर भार टाकला की सगळा ताण कमरेवर येतो, वगैरे त्यांनी मला नीट समजावलं. "लाथा आजपासून बंद. कुशीवर झोपा, गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या, कचेरीत पायाखाली पाट ठेवा, थोडं चाला. नाही ऐकलंत तर रजेचं मीच लिहून देईन."

रजेचं नाव निघालं तसे मी कानाला हात लावले. मी लाथा सोडायच्या असं ठरवून घरी आले. पण दिवस कसले होते? कापसाचे! जिनिंगा सुरू झाल्या होत्या आणि गठ्ठे उचलून उचलून अख्ख्या गावाच्या कंबरा एकदमच धरल्या होत्या. रविवारी रांग ओट्यावरून पार फाटकापर्यंत. आणि रांगेत पहिल्या कोण? सासूबाई!

"माही तेवढी मारून दे, मंग बंद कर."

"आई, डॉक्टरनी नाही सांगितलंय."

"ते लोकाईचं. घरच्याचं थोडी सांगतलं?"

मागून रफिकचाचा कण्हत म्हणाले, "बेटी, आज के बाद कोई नहीं आयेगा. बस आज!" लाथ मारावी तर रजा जाते, न मारावी तर एवढी वाकलेली माणसं तशीच वाकलेली परत जातात. मला काही सुचेना. मी गोंधळून एक पाय उचलला आणि तशीच विचार करत उभी राहिले. (हे तर डॉक्टरांनी खास मना केलं होतं.)

असे दोन रविवार गेले आणि डोहाळजेवण आलं. घाटंजीहून माय आली, सोबत दादा आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अंगानं धिप्पाड, स्वभावानं गाय. मला भिंत धरून उठताना पाहिलं आणि मायच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात सासूबाईंनी विषय काढला.

"इहीनबाई, तुमच्याकडं दुसरं कोनी पायाळू नाई का जी? पोरीची कंबर तेवढी सरळ झाली पाह्यजे. नाई तं तिची रजा मोडन."

माय पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता लपवून काय करू? पायाळू हा हाये." आणि तिनं बोट दाखवलं ते मठ्ठा वाढत असलेल्या दादाकडे.

"अन् सुनबाई?"

"ते तं डोक्याकडून झाली. चांगली आरडत आली."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"मंग इतके वर्ष मले लात कोनं मारली?"

"तिनंच मारली. पन ते साधी लात."

मी ताट बाजूला सारलं. "माय! असं काहून केलं तू?"

"मी काय करू बाई? हा लहानपनी कोनाले पाय लावायले तयारच होये नाई, नुसता रडे. अन् तू बिनकामाची समद्याइले लाता मारत फिरे. मंग तुही आजी म्हने, घरात लात मारनारं एक हाये न, तेच उभं करा."

"अन् मले पावसात कायले कोंडलं मंग?"

"लोकाईले शक नसता आला?"

माझे सगळे पावसाळे! गल्लीतली पोरं डबक्यात उड्या मारायची आणि मी खिडकीचे गज धरून विजेची वाट बघायची. मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की कंबर दुखते हेही क्षणभर विसरले.

पण सासूबाई मुद्द्याच्या पक्क्या. "जाऊ द्या ते. खरा पायाळू तं घरात हाये. मार बाबू, बहिनीले लात मार!"

दादानं मठ्ठ्याचं भांडं खाली ठेवलं. "दोन जिवाच्या बहिनीले लात? पाप लागन जी!"

"औषधाले पाप नसते."

"मंग मी पहिले पाया पडतो, मंग मारतो."

तो माझ्या पाया पडायला खाली वाकला आणि वर आलाच नाही.

"शुभे," खालून बारीक आवाज आला, "मले चमक भरली वं."

झालं! पायाळूचीच कंबर धरली. तो माझ्या अंगठ्यांना हात लावून दुमडलेला, भोवती हळदीकुंकवाची ताटं घेतलेल्या बाया, आणि सासूबाई सवयीनं ओरडल्या, "सुनबाई, मार लवकर!"

"अवं इहीनबाई, ते नकली हाये!" माय.

"मले गुन येत होता!" सासूबाई.

"डॉक्टरनं मना केलं आहे!" हे ओरडले.

मला खरं-खोटं, असली-नकली काही म्हणजे काही कळेना. फक्त ते सगळे पावसाळे आठवले, आणि मी डावा पाय उचलला. नुसता उचलला हो! दादानं खालून तो पाय पाहिला. काय आठवलं असेल ते त्यालाच ठाऊक, पण लाथ लागायच्या आत तो ताठ उभा राहिला आणि अंगणात पळाला.

दाराशी रफिकचाचा उभे होते. त्यांनी दादाला जाताना पाहिलं, माझ्या वर राहिलेल्या पायाकडे पाहिलं आणि मान हलवली. "अब समझा. दवा नहीं थी, दहशत थी."

ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारात पोचली. पुढच्या रविवारी ओट्यावर कुत्रं नाही. साहेबांनी मला पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये बोलावून हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे मी त्या खाल्ल्या त्या फुकटच?" सासूबाई चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. आणि माझी कंबर? रोज दोन्ही पाय जमिनीवर, गुडघ्यांत उशी, टेबलाखाली पाट. हळूहळू उतार पडला. पूर्ण गेली नाही, पण शिंक आली तर भिंत शोधावी लागेना. नववा लागेपर्यंत मी टेबल सोडलं नाही आणि रजेचा एक दिवससुद्धा मोडला नाही. पायाळूपण गेलं याचं दुःख वाटावं की आनंद, हे मात्र मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

शेवटच्या तपासणीत कळलं, बाळ उलटं आहे, पाय खाली. सिझर झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी शुद्धीवर येत होते तर बाहेर माय आणि सासूबाईंचं जुंपलेलं.

"पोट कापून काढलं, याले पायाळू नाई म्हनत जी!"

"पाय खाली होते न? मंग?"

शेवटी दोघींनी डॉक्टरबाईंनाच अडवलं. "बाई, पहिले काय काढलं? डोकं का पाय?"

त्या बिचाऱ्या दमलेल्या. म्हणाल्या, "पाय धरूनच काढली."

सासूबाईंनी वर हात जोडले आणि पहिला फोन केला तो रफिकचाचांना.

सव्वा महिना झाला आणि ओट्यावर पुन्हा रांग लागली. आता असली माल! पण बाळाला काही उभं राहता येत नाही. कोणीतरी तिला दोन्ही हातांत धरून, वाकून, तिचा इवलासा डावा पाय येणाऱ्याच्या कमरेला तीनदा लावावा लागतो. सासूबाईंची कंबर धरलेली, यांचा कोन चुकतो, म्हणून ते काम माझ्याकडे. बाळासाठी जिवापाड वाचवलेली रजा मी खरंच बाळाला हातात घेऊन घालवते आहे, त्यातला एक दिवस वाया जात नाही. फक्त कंबर पुन्हा धरली आहे, पहिल्यापेक्षा जोरात.

परवा न राहवून मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तिचा पाय जरा माझ्याही कमरेला लावा ना."

त्यांनी फाटकापर्यंत एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "रांगेत ये, बाई."