दगडी शंखातली युन-शी

ह्वालिएन शहराच्या समुद्रकाठच्या बागेत दर रविवारी मुलं आईबापांना ओढत आणायची, ती चिन आजींसाठी. बालवाडीच्या निवृत्त बाई श्यो-चिन यांना सगळे चिन आजीच म्हणत. बागेतल्या संगमरवरी शिल्पांपाशी त्या मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधत आणि विचारत, "हात लावून सांगा, काय आहे?"

कुणी म्हणे मासा, कुणी म्हणे, "बाबांचं टक्कल!" मग बाबाही डोळे बांधून घेत.

या हसण्याखिदळण्यात आजींचा जीव मात्र टांगणीला असे. मागच्या मोठ्या भूकंपात घरचं कपाट त्यांच्या अंगावर कोसळलं होतं. शेजारी येईपर्यंत त्या अंधारात त्याखाली दबून पडल्या होत्या. तेव्हापासून त्या दार उघडं ठेवून झोपत आणि लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत. मुलांचं लाडकं शिल्प म्हणजे एक भलामोठा पोकळ दगडी शंख; त्यात तर त्या कधीच शिरल्या नव्हत्या. वळत वळत आत जाणारी त्याची वाट जेमतेम रांगण्याएवढी होती.

"आजी, तुम्ही पण या ना!"

"माझे गुडघे कुरकुरतात रे," त्या म्हणत. गुडघे ठणठणीत होते.

त्या रविवारी सगळे कोहळ्याचा गोड चहा पीत बसले होते. एकाएकी साऱ्यांचे फोन भूकंपाच्या इशाऱ्याने एकदम किंचाळू लागले. पाठोपाठ जमीन हादरली. "दगडांपासून लांब! गवतावर!" आजी ओरडल्या. पोरं उचलून लोक पळाले. हादरे थांबले, तोच भोंग्यावरून आवाज आला, "समुद्रापासून दूर जा. उंचावर जा." बाग भराभर रिकामी होऊ लागली.

"युन-शी! युन-शी कुठाय?" मासेमारी करणारा वन-पिन वेड्यासारखा ओरडत होता. त्याची पाच वर्षांची पोर शंखात होती. तो आत घुसायला गेला, पण त्याचे रुंद खांदे तोंडाशीच अडले.

"बेटा, बाहेर ये!"

आतून बारीक आवाज आला, "शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, हलायचं थांबेपर्यंत डोकं झाकून बसायचं."

"थांबलंय गं, ये!"

"नाही थांबलं!"

आजींनी समुद्राकडे पाहिलं. पाणी नेहमीसारखंच दिसत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. अंगाने बारीक म्हणाव्या अशा तिथे आता त्या एकट्याच उरल्या होत्या. पाय उलट्या दिशेला ओढत होते. पळावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. मग त्या खाली वाकल्या आणि आत शिरल्या.

पहिल्या वळणापाशीच उजेड संपला. पाठीला दगड घासला, श्वास कोंडला, आणि ते कपाट पुन्हा अंगावर आल्यासारखं वाटलं. चाचपडताना हाताला एक गार पाऊल लागलं. युन-शीने चटकन त्यांचा हात धरला.

"बघा ना आजी, अजून हलतंय!"

"अगं, ती मीच थरथरतेय," आजी म्हणाल्या. "जमीन नाही."

"तुम्ही मोठ्या असून?"

"खूप घाबरलेय गं. मला इथून बाहेर नेशील?"

पोरीने डोक्यावरचे हात काढले. "माझ्या मागून या," ती म्हणाली आणि आजींच्या अंगाला घासत पुढे सरकली. आजी उलट्या रांगत तिच्या मागे निघाल्या. दोघी अर्ध्या वाटेवर असताना पुन्हा हादरा बसला आणि वरून दगडाचा चुरा मानेवर पडला. आजी किंकाळी दाबून रांगत राहिल्या. बाहेरून वन-पिनने पोरीला ओढून घेतलं, मग आजींना. तिघं टेकडीच्या रस्त्याने धावत सुटले.

लाट आली नाही. पालिकेने शंखाचं तोंड जाळीने बंद केलं. आजींनी बागेत जाणं सोडलं. पण काही आठवड्यांनी वन-पिन मासे घेऊन दारात उभा राहिला.

"पोरगी मला आंधळी कोशिंबीर खेळायला लावते. खुर्च्या, भांडी, मांजर, सगळं चाचपून झालं. आता तुम्हीच बागेत येऊन तिला आवरा बुवा."

"माझी छाती होत नाही रे."

"माझी तरी कुठे होतेय? लेकीला तिथे पाठवायचंय मला."

आजी पुन्हा बागेत जाऊ लागल्या. हल्ली रुमाल बांधण्याआधी त्या मुलांना आणि आईबापांना मोकळ्या गवतावर पळून दाखवायला लावतात. "आजी, तुम्हाला भीती वाटते?" असं कुणी विचारलं, तर सरळ "हो" म्हणतात. मग पाण्यावर नजर ठेवत समुद्राकडे तोंड करून उभ्या राहतात आणि मुलांना दगडाला हात लावू देतात.