मुरब्याची चाल

आमच्या बोईसरच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये डाळ वाढणारा एक गडी आहे; लग्नसराईत तो त्याच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. समोर काहीही आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या गावचं हाय?" मग ते वांगं असो नाहीतर नवा मॅनेजर.

कोरियाहून आलेले इंजिनीअर साहेब जेवण झाल्यावर त्यांच्याकडचं एक लोकगीत गुणगुणायचे. याने ते ऐकून ऐकून उचललं आणि आमच्या फोरमनच्या पोरीच्या हळदीत असं दणक्यात वाजवलं की नवरीची आजीसुद्धा नाचली. साहेब हसू दाबत माझ्या कानाशी आले. मोडक्या हिंदीत म्हणाले, हे गाणं निरोपाचं आहे. माणूस डोंगराची खिंड ओलांडून निघून जातो आणि मागे राहिलेलं माणूस ते गातं.

मी त्याला हे सांगितलं. वाटलं, ओशाळेल. त्याने क्लॅरिनेट पुसत विचारलं, "पन कुठल्या गावचं?"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, प्रत्येक मुलखाची चाल वेगळी. आमच्या डोंगरात संथ, दक्षिणेच्या किनाऱ्याला उडती.

"मंग माजं बरोबर हाय. आमी किनाऱ्याचेच!"

दुसऱ्या दिवशी नवरी निघाली, तेव्हा त्याने तेच गाणं इतकं हळू वाजवलं की कालच्या नाचऱ्या आजीने पदर तोंडाला लावला. साहेबांच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळलं.

"ये तो मेरे गाँव का है," ते म्हणाले.

"होतं, साहेब. आता मुरब्याचं हाय."