नाझरकाकांनी जप्त केलेली फ्लॉपी

नाझरकाकांनी आयुष्यात संगणकाच्या एकाही बटणाला बोट लावलं नाही, तरी वर्ध्यातल्या आमच्या संगणक मंडळाची सगळी सुरक्षा त्यांच्याकडे होती. ते कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. जप्त केलेल्या वस्तू सांभाळायच्या, समन्स बजावायला माणसं पाठवायची, सीलबंद पुडक्यांची नोंद ठेवायची, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं होतं. त्यामुळे कोणतीही नवी वस्तू समोर आली की ती काय करते हे न विचारता ते पहिल्यांदा विचारत, "हे कोणाच्या ताब्यात हाये?"

मंडळ म्हणजे मुळात आम्ही दोघं. मी एका शाळेत गणित शिकवत होते, आणि राऊत हा देवळीहून येऊन वर्ध्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारी योजनेतून आमच्या शाळेला एक संगणक मिळाला आणि मला नागपूरला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत आल्यावर जे समजलं नव्हतं ते मी राऊतला विचारायला लागले, आणि दर रविवारी सकाळी त्याच्या दुकानात बैठक भरायला लागली. नाझरकाका शेजारच्या घरात राहत. पहिल्या रविवारी ते आमचा आवाज ऐकून आले आणि नंतर त्यांच्याशिवाय बैठक सुरूच होत नसे.

राऊतला त्यांचा थोडा धाकच होता. रेडिओला परवाना लागायचा त्या काळात ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला परवाना विचारत. पुढे सरकारने परवाना रद्द केला. राऊतने आनंदाने बातमी सांगितली, तर काका म्हणाले, "रद्द झाल्याचा कागद दाखव." कागद कुठून आणणार? मग आणखी सहा महिने ते गिऱ्हाइकांना परवाना विचारतच राहिले, आणि गंमत म्हणजे लोक तो दाखवतही होते.

संगणकाला कुलूप नाही हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. राऊतने एक छोटा प्रोग्राम लिहिला. यंत्र सुरू केलं की ते परवलीचा शब्द विचारायचं. काकांच्या मते एवढ्याने भागत नव्हतं. शब्द एका वहीत लिहिला गेला, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, वही पेटीत गेली, पेटीची किल्ली राऊतकडे आणि किल्ली दिल्याची पावती माझ्याकडे. शब्द आम्हाला तोंडपाठ होता. पण तोंडपाठ असलेला शब्द वापरणं हा गैरव्यवहार आहे, असं काकांचं म्हणणं होतं. एकदा राऊत आर्वीला लग्नाला गेला आणि सातवीचा अख्खा वर्ग काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून तासभर बसून राहिला. मी चिडून काकांना सांगितलं, तर ते समाधानाने म्हणाले, "म्हणजे व्यवस्था काम करून राह्यली."

या सगळ्याला आम्ही हसत होतो. मग ती यादी झाली.

शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी भरली होती. वजन, उंची, डोळे, आणि घरात कोणाला महारोग आहे किंवा होऊन गेला आहे का, आणि असल्यास त्या माणसाचं नाव. चिठ्ठ्या आरोग्य खात्याकडे परत जायच्या होत्या. त्याआधी त्या संगणकात भरा, तेवढाच सराव होईल, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. मी दोन आठवडे मोठ्या हौसेने शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांची माहिती भरली. चिठ्ठ्या परत गेल्या. शाळेच्या संस्थेचे चिटणीस यंत्र बघायला आले तेव्हा मी त्यांना कौतुकाने म्हटलं, काहीही विचारा, हे शोधून देतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तो आजाराचा रकाना विचारला. यंत्राने जरा घरघर केली आणि पडद्यावर अकरा नावं आली.

चिटणीस खूश झाले. म्हणाले, "झकास. सोमवारी हे कागदावर उतरवून द्या, मॅडम. वसतिगृह सुरू करून राह्यलो आपण. कोणाले पंगतीत कुठं बसवायचं ते ठरवता येईल."

माणूस वाईट नव्हता. त्यांना ती स्वच्छतेची बाब वाटत होती. पण त्या अकरा मुलांपैकी सात माझ्या वर्गात होती. ती सगळी माहिती एका फ्लॉपीवरच होती, यंत्रात काही उरत नसे. यंत्र बंद करून मी ती फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि रविवारी राऊतच्या दुकानात टेबलावर ठेवली.

त्या दिवशीची चर्चा मला अजून आठवते. राऊत म्हणाला, "एवढं काय त्याच्यात? शाळेच्या रजिस्टरात बी तर सगळं लिवलेलं राह्यते."

नाझरकाकांनी तो काळा चौकोन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "रजिस्टरातलं नाव शोधाले माणूस लागते, राऊत. त्याले पानं उलटवा लागतात. उलटवता उलटवता त्याले लाज वाटू शकते, तो थांबू शकते. या यंत्राले लाज नाई."

आणि त्यांनी फ्लॉपी जप्त केली. रीतसर पंचनामा झाला. 'काळ्या रंगाची चौकोनी चपटी वस्तू, मधोमध गोल भोक, हलवली असता आवाज येत नाही.' पंच म्हणून राऊत आणि समोरचा पानवाला. पाकिटाला लाखेचं सील. मी विचारलं, "काका, कोणत्या कायद्याने?" ते म्हणाले, "याचा कायदा अजून झाला नाई. होईपर्यंत कोणाच्या तरी ताब्यात पाहिजे."

सोमवारी चिटणीसांना मी खरं तेच सांगितलं, की फ्लॉपी जप्त झाली आहे. ते तणतणत राऊतच्या दुकानात गेले. मी मागोमाग गेले, म्हटलं आता नोकरी गेली. पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. चिटणीसांचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी एकोणीस वर्षं दावा चालला होता, आणि ती एकोणीस वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी नाझरकाकांना पाहिलं होतं. दुकानात शिरताना ते तावात होते. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि जुन्या आवाजात विचारलं, "अर्जदार हाजिर?"

चिटणीसांचे हात आपोआप जोडले गेले. "हाजिर हाय, साहेब."

"दरखास्त लेखी आणली?"

"नाई आणली."

"मग पुढची तारीख."

पुढच्या तारखेला चिटणीस खरंच दरखास्त घेऊन आले, तीन प्रतींत. काकांनी त्यात चूक काढली. त्यापुढच्या तारखेला ते दुरुस्त करून आले. एकदा राऊत गैरहजर म्हणून तारीख पडली, एकदा वीज नाही म्हणून, आणि एकदा चिटणीसांनी स्वतःच मुदत मागितली, कारण त्यांना कापूस विकायला पुलगावला जायचं होतं. धुऱ्याचा दावा निकाली निघाल्यापासून त्यांचे रविवार सुने पडले होते, असं मला वाटतं. ते धुतलेली टोपी घालून येत, बाकावर बसत आणि पुकारा झाला की उठून उभे राहत. शाळेत मला भेटले की कुजबुजत विचारत, "मॅडम, काय वाटते, निकाल आपल्या बाजूनं लागल का?"

चौथ्या की पाचव्या तारखेला काकांनी फाईल उघडली आणि मी वाकून पाहिलं. कोर्टात सगळे कागद एकत्र शिवायची पद्धत असते. काकांनी दाभण घेऊन दरखास्त, पंचनामा आणि फ्लॉपी एकत्र शिवली होती. लाल दोरा काळ्या चौकोनातून दोन ठिकाणी आरपार गेला होता. ती फ्लॉपी आता जगातलं कोणतंही यंत्र वाचू शकलं नसतं. मी राऊतकडे पाहिलं. तो एका रेडिओच्या आत डोकं घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

चिटणीस गेल्यावर मी म्हटलं, "काका, ती फ्लॉपी मेली."

"ठाऊक हाये मले," ते शांतपणे म्हणाले. "राऊतले विचारूनच दाभण घातली."

"मग आता या तारखा कशाला?"

"फ्लॉपी मेली म्हणून मामला मरत नाई, बाई. चिटणिसाच्या डोक्यातली यादी जित्ती हाये अजून. तिले येळ लागते."

त्यानंतरच्या रविवारी, चिटणीसांची तारीख सुरू असताना, शेंडे टेलर आले. शाळेचे गणवेश तेच शिवत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. शाळेच्या यंत्रात आजाऱ्यांची नावं आहेत, हे गावात फुटलं होतं. ते पायरीवरच उभे राहिले, आत येईनात.

"साहेब," त्यांनी काकांना विचारलं, "माह्यं नाव हाये का त्याच्यात?"

दुकानात हातांची खुर्ची एकच होती आणि ती काकांची होती. ते उठले, शेंड्यांना हाताला धरून आत आणलं आणि त्या खुर्चीवर बसवलं. स्वतः उभे राहिले. मग म्हणाले, "अर्जदार, सांगा. यांचं नाव पाहिजे होतं तुमाले?"

चिटणीसांच्या अंगातला सदरा शेंड्यांनीच शिवलेला होता. ते स्वतःच्या बाहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले नावं नव्हती पाहिजे. मले फक्त यादी पाहिजे होती."

हे वाक्य बोलून झाल्यावर ते त्यांनाच ऐकू आलं असावं. ते बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "दरखास्त मागं घेतो."

"लेखी द्या," काका म्हणाले. चिटणीसांनी तिथेच लिहून दिलं.

पण शेंडे उठेनात. "नाव हाये का, ते कोनी सांगितलंच नाई."

"विचाराचा हक्क हाये तुमाले," काका म्हणाले. "तुमाले एकट्यालेच हाये. बाई, त्यायच्या कानात सांगा."

मी वाकून सांगितलं, होतं. शेंड्यांनी मान हलवली. मग त्यांनी मलाही तसंच हळू विचारलं, "बरा झालो, हे लिवलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही. तसा रकानाच नव्हता." मी दोन आठवडे ती माहिती भरत होते आणि हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. वसतिगृह पुढे सुरू झालं. त्यात शेंड्यांची मुलगी नव्हती, तिचं घर गावातच होतं, पण त्या अकरातली बाहेरगावची दोन मुलं होती. त्यांना कुठे बसवायचं याची चर्चा निघाली नाही.

दोन वर्षांनी काका औरंगाबादला मुलाकडे कायमचे राहायला निघाले. मी आणि राऊत त्यांना बसवून द्यायला स्टँडवर गेलो. कंडक्टर तक्ता घेऊन प्रत्येकाचं नाव लिहीत होता. काकांनी विचारलं, "नाव काऊन पाहिजे?"

"तक्त्यावर लिहाले."

"तक्ता कुठं जाते?"

"डेपोत."

"मंग?"

"मंग रद्दीत, आजोबा."

"माह्यं नाव मी रद्दीत कशाले देऊ?"

मागच्या सीटवरचा एक शेतकरी म्हणाला, "बरोबर बोलून राह्यले हे." दुसऱ्या एका बाईंनी, आपलं लिहिलेलं नाव खोडून द्या, अशी मागणी केली. ड्रायव्हर खाली उतरून चहा प्यायला गेला. गाडीत रीतसर दोन पक्ष पडले. शेवटी कंडक्टरने कंटाळून तक्त्यावर लिहिलं, 'एक इसम, वय जास्त.' काकांनी ते वाचून पाहिलं आणि मान्य केलं.

गाडी सुटली. खिडकीबाहेर हात काढू नये असा फलक आत लावलेला होता, म्हणून काकांनी हात काढला नाही. काचेमागून नुसते पाहत राहिले. मी मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होते. ती आमची शेवटची भेट.