पंचवीसशे वीस धागे

मी चौथीपर्यंत शिकलो, बायको तेवढीही नाही. पण पंचवीसशे वीस हा आकडा तिनंच मला दिला. आमच्या हातमागावर लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, ती नेहमी तेवढेच लावायची. मी एकदा विचारलं, काहून? तर म्हणाली, "अजी, या आकड्यात कोणी रुसत नाही. दोनाचा पट्टा काढा, सातचा काढा, नऊचा काढा, शेवटी धागा उरत नाही."

परवा सुनेनं मोबाइलवर भागून पाहिलं. एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो, आणि असा याहून लहान आकडाच नाही म्हणे. मेल्यावर का होईना, बायको पास झाली.

ती गेली तेव्हा तिनं लावलेला पांढरा ताणा मागावर होता. शेवटचा. चार महिने मी त्याच्याकडं पाठ करून जेवलो. मग वाटलं, विणून काढू. पण आधी धागे पुरे आहेत का ते पाहायचं. हजारावारी मोजत बसायची आमची रीत नाही. सारख्या जुड्या धरायच्या, शेवटी काही उरलं नाही तर ताणा बरोबर.

दहा-दहाच्या जुड्या धरल्या. नऊ धागे उरले. आठाच्या धरल्या, सात उरले. सातच्या धरल्या, सहा. डोकं फिरलं. ताणाच बिघडलाय, कापून टाकावा म्हणून कैची घेतली.

तेवढ्यात उमरेडहून साळी आली. बायकोची धाकटी बहीण.

"काय करून राहिले भाऊजी?"

"कापून राहिलो. तुझ्या बहिणीनं जाता जाता गडबड केली. एक डाव नऊ जास्त, एक डाव सात, एक डाव सहा. धागे काय पळून राहिले का वं?"

"कैची ठेवा खाली." तिनं खांद्यावरची पिशवीही काढली नाही. "जास्त कुठं आहेत? दहात नऊ उरले, म्हणजे एक कमी. आठात सात, एक कमी. सातात सहा, एक कमी. एकच धागा तुटला असन."

"तुले कोणं शिकवलं?"

"जिनं तुम्हाले शिकवलं तिनंच. मी ऐकत होती, एवढंच."

तुटलेला धागा मागच्या रुळाखाली गुंडाळून पडला होता. साळीनं गाठ मारली. माझ्या बोटांना आता गाठ जमत नाही. मी पुन्हा दहाच्या जुड्या धरल्या. काही उरलं नाही. तिथंच खाली बसून रडलो. बायकोचा हिशेब बरोबर होता, आणि मी कैची लावणार होतो.

साळीनं चहा ठेवला. "रडून झालं असन तर माग चालवा. हे लुगडं मले पाहिजे."

"बहिणीचं आहे ते."

"म्हणूनच मागून राहिली."

दोघी बहिणींचे उपकार आहेत माझ्यावर. तोंडानं म्हणायचं राहिलं, म्हणून इथं लिहितो. लुगडं अर्धं झालंय. दिवाळीच्या आत साळीला नेसायला देतो.