एकशे सत्तावीस नंबरचं मेडल

आमच्या घरात ट्रायथलॉनचं एक मेडल आहे आणि ते माझं नाही.

ट्रायथलॉनमध्ये भाग मात्र मीच घेतला होता. दीड किलोमीटर पोहलो मी, चाळीस किलोमीटर सायकल हाणली मी, आणि त्यापुढचे दहा किलोमीटर मी जे काही केलं त्याला पळणं म्हणायची तुमची तयारी असेल तर पळलोही मीच. मेडल आईला मिळालं. तिचं वय तेव्हा बहात्तर होतं आणि तिने कॉटनची साडी नेसली होती.

हे सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या नातेवाइकांत या प्रकरणाच्या निदान चार आवृत्त्या फिरताहेत आणि चारही आवृत्त्यांत मी सारखाच बावळट आहे. (पाचवीत फार सुधारणा होईल, अशी आशा बाळगू नये.)

सुरुवात शोकेसपासून करतो. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्याकडे एक काचेची शोकेस होती. वरचा खण माझ्या धाकट्या भावाचा, विजयचा. बॅडमिंटनचे कप, कॅरमचे कप, वक्तृत्वाची ढाल, आणि एकदा तर फॅन्सी ड्रेसमध्ये नुसता उभा राहिला म्हणून मिळालेली चांदीची वाटी! खालचा खण माझा. त्यात कुणीतरी लग्नात दिलेला संगमरवरी ताजमहाल होता आणि माझं चौथीतलं 'नियमित उपस्थिती'चं सर्टिफिकेट होतं. बाबांनी मोठ्याचं नाव सुधीर ठेवलं आणि धाकट्याचं विजय. धीर कुणी धरायचा आणि जिंकायचं कुणी, याचा निकाल बारशालाच लागला होता.

विजय पुण्याला गेला. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे गुडगावला राहायला आली आणि तिच्याबरोबर शोकेसही आली, सगळ्या कपांसकट. अकराव्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर समोर ती उभी राहिली. रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी बूट काढायला बसलो की विजयचे एकोणीस कप माझ्याकडे बघायचे.

तेव्हा मेट्रो गुडगावला नुकती पोचली होती आणि तिच्याबरोबर फिटनेसही आला होता. कोथिंबीर आणायला गाडी काढणारी माणसं स्कूटरच्या किमतीच्या सायकली घ्यायला लागली. आमच्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर एक दिवस ट्रायथलॉनचं पोस्टर लागलं आणि तळाशी एक ओळ होती: चार तासांच्या आत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मेडल. प्रत्येकाला! चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात इतकी समंजस स्पर्धा मी पाहिली नव्हती.

घरी सांगितल्यावर माझी बायको मेधा म्हणाली, "सुधीर, लिफ्ट बंद पडली होती तेव्हा तू चौथ्या मजल्यावर बसून राहिला होतास. वॉचमनने खुर्ची आणून दिली होती."

"तेव्हा समोर काही ध्येय नव्हतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर शोकेसच्या खालच्या खणातला ताजमहाल बाजूला सरकला होता आणि रिकाम्या जागेत आईचा क्रोशाचा एक पांढरा रुमाल पसरलेला होता. मला एकदम भरून आलं. पाच महिने मी सोसायटीच्या पूलमध्ये नाकातोंडात पाणी घेत पोहलो, ते त्या रुमालासाठी.

स्पर्धेच्या सकाळी आई आणि मेधा दोघी बरोबर आल्या. एका नव्या सेक्टरमधल्या शाळेच्या पूलमध्ये पोहायचं, बाहेरच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर सायकल, आणि मग पळणं. पूल आणि रस्ता यांच्यामध्ये दोऱ्या बांधून एक आवार केलं होतं, त्याला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे आपली सायकल टांगायची आणि खाली जमिनीवर टॉवेल पसरून बूट, मोजे, हेल्मेट, केळं असं सगळं उघडंच मांडून ठेवायचं. पाण्यातून धावत आलं की घालायचं आणि सुटायचं. मी आदल्या दिवशी घरी घड्याळ लावून याची चार वेळा तालीम केली होती. तेव्हाच आई म्हणाली होती, "चांगला पानिपतचा नवा टॉवेल आणि तो रस्त्यावर पसरणार?" मी हसलो होतो. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता माझ्या स्वतःच्या अकलेचा भाग. स्पर्धकांना घोट्याला बांधायला एक पट्टी दिली होती आणि तिच्यात चिप होती. वाटेत ठिकठिकाणी चटया अंथरलेल्या, चिप त्यांच्यावरून गेली की बीप वाजतं आणि वेळेची नोंद होते. सूचनांच्या कागदावर 'पोहताना चिप बांधलेली असावी' असं लिहिलं होतं. पण माझा मोबाइल एकदा बादलीत पडून कायमचा गेला होता. मी विचार केला, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, उगाच भिजवा कशाला? चिप मी डाव्या बुटात ठेवली. (मी इंजिनिअर आहे. हे कुठे बोलू नका.)

मी पाण्यात उतरलो आणि आईची नजर दोरीपलीकडच्या त्या टॉवेलवर गेली.

आईने आयुष्यभर एकच गोष्ट केली आहे: पसारा आवरणं. आम्ही आंघोळीला गेलो की बाहेर टाकलेले कपडे, बूट, दप्तर परत येईपर्यंत जागच्या जागी गेलेले असायचे. समोर तीनशे माणसांचा पसारा पडलेला बघून तिला काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. तरी तिने संयम राखून फक्त माझ्यापुरतंच लक्ष घातलं. पुढचा संवाद मेधाने स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे.

दारावरचा गार्ड म्हणाला, "अम्मा जी, अंदर जाना मना है।"

"भैया, मेरे लड़के का सामान सड़क पे पड़ा है।"

"सबका पड़ा है, अम्मा।"

"सबकी माँ नहीं आई है ना!"

यावर हरियाणातला कुठलाही गार्ड एकच करू शकतो. त्याने दोरी वर धरली.

"मेधा, तू थांब इथेच, त्याच्या पोहण्याचे फोटो काढ," असं सांगून आई आत गेली. टॉवेल झटकला, घडी केली. मोज्यांचा गोळा केला. बूट दोन वेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गाठी मारल्या. चिप दिसली, ती किमती वाटली म्हणून पट्टीसकट आपल्या पर्समधल्या चष्म्याच्या घरात ठेवली. केळं गार्डला दिलं. मग सगळं मोठ्या कापडी पिशवीत भरून, कुठे सावली दिसते का ते बघत निघाली.

सावली एकाच ठिकाणी होती: शेवटच्या रेषेपलीकडच्या मांडवात. तिथे खुर्च्या मांडल्या होत्या, वर कमान होती आणि कमानीखाली चटई. आईने चटई पाहिली आणि घरंदाज बाई जे करील तेच केलं. त्यावर पाय पुसले. आधी उजवा, मग डावा, नीट, टाचेसकट.

बीप! बीप! बीप!

माइकवाल्याने समोरच्या पडद्यावर आलेलं नाव वाचलं, "देवियो और सज्जनो, हमारे पहले फिनिशर! नंबर एक सौ सत्ताईस, सुधीर जी!" ढोलवाल्यांनी ढोल बडवला. मेडल घालायला उभ्या असलेल्या बाईंनी, जो रेषा ओलांडील त्याच्या गळ्यात घालायचं या नियमाने, आईच्या गळ्यात मेडल घातलं. शर्यत सुरू होऊन पंचेचाळीस मिनिटं झाली होती. आईला यात काही वावगं वाटलं नाही. आर. के. पुरममध्ये चाळीस वर्षं हळदीकुंकू केलेली बाई ती. दारात आलेल्या सवाष्णीला काहीतरी वाण देतात, आता विधवांनाही देतात हे तर चांगलंच आहे, असं तिला वाटलं. तिने त्या बाईंना नमस्कार केला आणि खुर्चीवर बसली.

इकडे मी बावन्न मिनिटांनी पूलमधून बाहेर आलो, डोळ्यांतलं पाणी पुसत माझ्या जागेपाशी धावलो आणि थबकलो. सायकल टांगलेली होती. खाली स्वच्छ जमीन. एक मोजासुद्धा नाही! सगळ्या आवारात तेवढीच जागा झाडून काढल्यासारखी दिसत होती.

"मेधाऽऽ! माझं सामान?"

"आई घेऊन गेल्या," मेधा दोरीपलीकडून ओरडली. "मला वाटलं तूच सांगितलंस!"

"कुठे गेल्या?"

"सावलीत!"

हेल्मेटशिवाय सायकलला हात लावला तर बाद करतात. म्हणून मी पोहण्याच्या चड्डीत, अनवाणी, टोपी आणि गॉगल तसेच ठेवून मांडवाकडे धावत सुटलो. समोरून चहा पीत येणारी चार कुटुंबं रस्ता सोडून उभी राहिली. आई मांडवात शांत बसली होती. तिच्या गळ्यात मेडल होतं. विचारायला वेळ नव्हता.

"आई, बूट! हेल्मेट!"

"अरे, आधी अंग पूस. निथळतोयस नुसता!" असं म्हणून तिने पानिपतचा टॉवेल काढून सगळ्यांसमोर माझं डोकं खसाखसा पुसलं. पिशवीत वर खिचडीचा डबा, मग शाल, मग थर्मास, हेल्मेट तळाशी. बुटांच्या पिशव्यांच्या गाठी मला सुटेनात. आईलाही सुटेनात. शेवटी मी दातांनी सोडवल्या. या सगळ्यात चष्म्याच्या घराची आठवण मला झाली नाही आणि तिलाही.

सायकलचे चार फेरे होते आणि प्रत्येक फेऱ्याला त्या गार्डसमोरून जावं लागायचं. पहिल्या फेऱ्याला तो हसला. दुसऱ्या फेऱ्याच्या वेळी जवळच्या गावातल्या म्हशी रस्ता ओलांडत होत्या (रस्ता नवा होता, म्हशी मूळच्या), तेव्हा मला त्याच्यापाशी थांबावं लागलं.

"भाई साहब," तो माझा नंबर बघत काळजीने म्हणाला, "आप तो जीत गए थे। अब क्यों चला रहे हो?"

"मैं? कब?"

"घंटा हो गया। माइक पे बोला था।"

मला वाटलं, ऊन लागलंय. मला किंवा त्याला. म्हशी गेल्या आणि मी पुढे निघालो.

पळताना मात्र सगळा राग उफाळून आला. पहिले तीन किलोमीटर मी आईवर रागावलो, पुढचे तीन ऑफिसच्या नोटीस बोर्डावर, आणि सातव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला तेव्हा सरळ विजयवर. साडेतीन तास होऊन गेले होते. माझ्या मागे फक्त ॲम्ब्युलन्स होती आणि तिचा ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न वाजवून मला धीर देत होता.

शेवटच्या वळणावर आई उभी होती. पर्स काखेला, मेडल गळ्यात, चेहरा उतरलेला. मेधाने तिला सगळं सांगितलं होतं.

"सुधीर, माझ्यामुळे घोटाळा झाला का रे तुझा?" ती म्हणाली. "मला वाटलं, पोहून आलास की घरीच जायचं."

त्या क्षणी माझा राग कुठल्या कुठे गेला. सकाळपासून ही बाई माझ्यासाठी ताटकळली होती. "काही नाही झालं, आई," मी म्हटलं. "चल, बरोबर जाऊ." आणि आम्ही दोघं शेवटचे दोनशे मीटर बरोबर गेलो, मी लंगडत आणि ती पदर खोचून. (ती थोडी पुढे होती.) घड्याळात तीन तास सत्तावन्न मिनिटं झाली होती. आम्ही चटईवर पाय ठेवला. या वेळी आईने पाय पुसले नाहीत, तरी तिच्या पर्समधून नोंद झाली. बीप!

मी थेट टेबलापाशी गेलो. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग माझ्याकडे, मग परत कॉम्प्युटरमध्ये.

"सर, आपके नंबर पे दो फिनिश हैं। स्विमिंग एक भी नहीं।"

"और साइकिल?"

"वो भी नहीं।"

"लेकिन मैं गीला हूँ!"

"सर, पसीना भी होता है।" त्यांनी रजिस्टरवर बोट फिरवलं. "मेडल... एक सौ सत्ताईस... ये तो ले गए।"

मी बाद झालो होतो. पाच महिन्यांची तयारी आणि चार तासांची लढाई यांचं पानिपत झालं होतं.

तेवढ्यात आईने गळ्यातलं मेडल काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "घे रे, तुझंच आहे हे."

आता आमच्याकडची रीत अशी की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. लाडू असो, आहेर असो, पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा 'अगं, कशाला', आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. त्यामुळे मी मोठ्या मनाने म्हटलं, "नको आई, राहू दे तुला." आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत हात अर्धा पुढे करून उभा राहिलो.

पानावर बसलेल्या माणसाला पाचवी पोळी वाढल्याशिवाय न सोडणारी माझी आई! तिने एकवार माझ्याकडे पाहिलं, एकवार मेडलकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं."

मेडल परत तिच्या गळ्यात गेलं. गाडीत बसल्यावर मेधा घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. रात्री पुण्याहून विजयचा फोन आला. त्याने आईचं अभिनंदन केलं.

ते मेडल आता खालच्या खणात क्रोशाच्या रुमालावर आहे. ताजमहाल माझ्या सर्टिफिकेटाकडे सरकवलाय. पाहुणे आले की कौतुकाने वाकून बघतात आणि विचारतात, "वा! सुधीररावांचं वाटतं?"

आई कधी खोटं बोलत नाही. "नाही हो, माझं," ती सांगते. मग मला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढे म्हणते, "सुधीरही होता त्यात. तो आला ना नंतर. तीन तासांनी."

पाहुणे माझ्याकडे वळून बघतात. मी शोकेसकडे बघतो. आई लाडवांची बशी पुढे करते, आणि हल्ली मी पहिल्यांदाच हो म्हणतो.