तुकोजींचा खिळा

बडा गणपतीवरून बेटम्याच्या वाटेला लागलं की टायरवाला आणि चहावाला यांच्या मध्ये तुकोजी खडतरे यांचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. आत शिरताच उजव्या हाताला भिंतीत एक खिळा ठोकलेला दिसतो. तो खिळा म्हणजे या दुकानाचा कायदा. ड्रायव्हर असो, क्लीनर असो, नाहीतर चार ट्रकांचा मालक असो, बॅटरीला हात लावायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ, चेन, सगळं उतरवून त्या खिळ्याला टांगायचं.

टांगताना भाषण ऐकावं लागे, ते वेगळंच.

"भिया..." तुकोजी सुरू करत, आणि 'भिया'नंतर इतका वेळ थांबत की समोरच्याला वाटावं, यांचीच बॅटरी उतरली. "बॅटरी कोणाचा बाप ओळखत नाही. चोवीस व्होल्टला झटका बसत नाही, म्हणून तर लोक फसतात. झटका नाही बसत, जळतं! पान्हा प्लसवर आणि अंगठी चेसिसला टेकली, की झालं वेल्डिंग. मग बोट घेऊन जा थैलीत, घरवालीला दाखवायला."

हे सांगताना उजवा हात हवेत नाचायचा, आणि त्याच हाताच्या अनामिकेत सुपारीएवढी चांदीची अंगठी असायची. वर हत्ती, सोंड उंच केलेली. एखादा ड्रायव्हर हमखास विचारी, "और आपकी, भिया?"

"ही दरबारची आहे," तुकोजी मिशीवर बोट फिरवत. "पणजोबांना हत्तीखान्याची कामगिरी होती, महाराजांनी स्वतःच्या हातानं दिली. ही उतरत नाही."

ती खरोखरच उतरत नव्हती. पण त्यात दरबाराचा काही हात नव्हता, पोहे-जलेबीचा होता. रोजची सकाळची प्लेट, दुपारची कचोरी, संध्याकाळची सेव, हे सगळं हळूहळू त्या बोटात जाऊन बसलं होतं. अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस असं फुगून आलं होतं, जणू कणकेच्या गोळ्याला कोणी दोरा करकचून बांधलाय. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, तुकोजींना आणि त्यांच्या बायकोला, इंदुमतीबाईंना. त्यांनी साबण लावून पाहिला होता, तूप लावून पाहिलं होतं, बोटाला दोरा गुंडाळून ओढून पाहिलं होतं. ओढता ओढता बाई म्हणाल्या होत्या, "अहो, तुमचे पणजोबा हत्तीवर बसत नव्हते. हत्तीच्या मागे टोपली घेऊन चालत होते. आता जे मागे पडायचं, त्याला कामगिरी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे."

घरी असं ऐकायचं आणि त्याचं उट्टं दुकानात काढायचं, असा तुकोजींचा दिनक्रम होता. उट्टं काढायला दिवाकर होता. दिवाकर म्हणजे दुकानाचा जुना फिटर, चाळिशी उलटलेला. पूर्वी एकदा चष्मा न लावता बॅटरीत तेजाब भरताना त्याच्या गालावर शिंतोडे उडाले, आणि गालाची कातडी वेडीवाकडी आकसली. तेव्हापासून तुकोजी त्याला 'नकाशा' म्हणत.

"ये रे नकाशा, इकडे तोंड कर. हे बघा पाव्हणे, हे देपालपूर, ही नदी, आणि हे इथं लिहिलंय, चष्मा न लावणारा गाढव."

पाव्हणे हसत. दिवाकरही हसे. मग तुकोजी जेवायला घरी गेले की दिवाकर पोट पुढे काढी, बोटात एक मोठा नट अडकवी, "भिया..." म्हणून तसाच थांबे, आणि टायरवाला हसून हसून ट्यूबवर लोळे.

तर अशा या तुकोजींनी स्वतःचा गळा स्वतःच्या जिभेनं आवळला. त्यांच्या मुलीचं, सुरभीचं, लग्न ठरलं. मुलगा यशवर्धन, वडील बाबूराव मिलमधून रिटायर झालेले, मोजून बोलणारे. बोलणी चालू असताना बाबूराव सहज म्हणाले की तुमच्या अंगठीबद्दल फार ऐकलंय. बस! तुकोजींच्या अंगात पणजोबा आले.

"साखरपुड्याला जावयाच्या बोटात ही दरबारची अंगठी मी घालणार! सगळ्यांसमोर, माझ्या हातानं काढून!"

शब्द तोंडातून गेला आणि तुकोजींना तो ऐकू आला. पलीकडे इंदुमतीबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला तो खाली घेईचनात. त्या आत हसत होत्या.

मग सुरू झाली बोटाची तपश्चर्या. पोहे बंद, कचोरी बंद. बोट बर्फात, बोट तुपात. एकदा चोरून सराफ्यात गेले. सोनारानं बोट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "भिया, ये तो काटनी पड़ेगी." तुकोजींनी बोट मागे घेतलं. दरबारची अंगठी चिरून, डाग देऊन जावयाला घालायची? चार लोकांत कोणी विचारलं की ही कापली का, तर काय सांगायचं, सासऱ्याला कचोरी आवडते? ते तसेच परत आले.

साखरपुडा तोंडावर आला त्या दिवशी बेटम्याचा विक्रम लसणाचा ट्रक घेऊन दुकानासमोर उभा राहिला. गाडी सेल्फ घेईना, धक्का मारून आणली होती. मोठ्या ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. तुकोजींनी दोन्ही तपासल्या. एक पार मेलेली, एक धुगधुगी धरून.

"भिया, एकच बदला ना," विक्रम म्हणाला. "दुसरी चालतेय अजून."

"भिया..." तुकोजी थांबले. "तुझ्याकडे शेती आहे ना? मग एका जुवाला तरणा बैल आणि म्हातारा बैल जुंपतोस का? म्हातारा ओढणार नाही आणि तरण्यालाही मारून टाकील. जोडीच बदलायची. एकाच कंपनीची, एकाच ताकदीची, एकाच महिन्यातली. आणि खालचा क्लॅम्प कुठंय? दोरीनं बांधलीस बॅटरी? तुझ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती आत गरबा खेळते, प्लेटा नाही तुटणार तर काय! उतार तो कडा, टांग खिळ्याला."

विक्रमनं निमूटपणे कडं टांगलं. तुकोजी रंगात आले होते, आणि नेमके तेव्हाच बाबूराव आणि यशवर्धन स्कूटरवरून उतरले.

"येता येता म्हटलं भेटून जावं," बाबूराव म्हणाले. "एक छोटंसं काम होतं. यशचं बोट बारीक आहे. अंगठी जरा घालून बघतो, सैल झाली तर आत दोरा गुंडाळू. काढता का?"

 यशवर्धन बोट पुढे करून उभा, बाबूराव हात पसरून उभे, चहावाला चहा गाळायचा थांबलेला. तुकोजींनी अंगठीला हात घातला, नुसती गोल फिरवली, आणि हसले.

"आधी गिऱ्हाईक, व्याही! आमच्याकडे तसा नियम आहे."

"मग काम होईपर्यंत बसतो," बाबूराव स्टुलावर बसत म्हणाले. ते उठणाऱ्यांतले नव्हते.

तुकोजी ट्रककडे वळले. कधी नव्हे तो त्यांनी पान्हा स्वतः उचलला. डोक्यात एकच विचार फिरत होता, काम इतकं लांबवायचं की हे कंटाळून जातील. पण हात मात्र घाईत होते, कारण पाठीवर दोन डोळे रुतले होते. पान्हा थेट जिवंत बॅटरीच्या प्लसच्या नटाला लावला.

"सरकार," दिवाकर मागून म्हणाला, "चेसिसचा मायनस काढायचा बाकी आहे. आधी मायनस..."

"नकाशानं रस्ता दाखवायचा नाही!" तुकोजी गरजले, व्याह्यांकडे बघून मिशीत हसले आणि पान्ह्याला जोर दिला. नट झटक्यात सैल झाला. पान्हा सरकला, पान्ह्यावरचा हात खाली गेला, आणि पान्हा व चेसिस यांच्या मध्ये हत्ती सापडला.

चरचर आवाज आला, निळा उजेड पडला. अंगठी पान्ह्याला चिकटली, पान्हा नटात अडकलेला, आणि बोट अंगठीत. तुकोजींच्या तोंडून जे निघालं त्यात 'भिया' नव्हतं, थांबणंही नव्हतं. दिवाकरनं चाकाखालची लाकडी ठोकळी उचलून पान्ह्यावर हाणली, पान्हा उडाला, आणि तुकोजी खाली बसले. अंगठी लाल होती, आणि ती काही निघत नव्हती. जळक्या कातडीचा वास चहापर्यंत गेला.

दिवाकरनं समोर दिसला तो बॅटरीच्या पाण्याचा कॅन उचलून हातावर रिता करायला घेतला.

"डिस्टिल नको!" तुकोजी किंचाळले. "विकायचं आहे ते! नळाचं घे, गाढवा, नळाचं!"

दिवाकरनं हात धरून त्यांना नळाखाली नेलं. पाणी धो धो पडत होतं. तिथं, पाठ थोपटत, अगदी तुकोजींच्याच आवाजात, तो हळूच म्हणाला, "भिया... बॅटरी कोणाचा बाप ओळखत नाही." आणि बाबूराव, मोजून बोलणारे बाबूराव, तोंडाला रुमाल लावून गदगदले. ते रडत नव्हते.

हॉस्पिटलात अंगठी कापूनच काढली. पाठोपाठ बोटही काढावं लागलं, आत हाडापर्यंत काही उरलं नव्हतं. म्हणजे अंगठी अखेर निघाली, अगदी साखरपुड्याच्या वेळेवर. सोनारानं सांधली. हत्तीची सोंड मात्र वितळली होती, आता तो डुकरासारखा दिसत होता. सगळ्यांसमोर तुकोजींनी पट्टी बांधलेल्या हातानं अंगठी पुढे केली. यशवर्धननं बोट पुढे केलं, आणि सुरभीनं ते मागे ओढलं.

"नको पप्पा. धुऊन झाली, पॉलिश झाली, सगळं मान्य. पण मला त्यात तुमचंच बोट दिसतं. हा हात मला आयुष्यभर धरायचाय."

मंडपात कोणीतरी खोकलं. इंदुमतीबाईंनी पिशवीतून बाजारातली नवी अंगठी काढली. त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती.

तुकोजींनी हत्ती खिशात टाकला. घालायला दुसऱ्या बोटांत बसत नव्हता, आणि ज्यात बसला असता ते उरलं नव्हतं.

आता अंगठी दुकानातल्या खिळ्याला असते. ड्रायव्हर आपली कडी-घड्याळं तिच्याशेजारी टांगतात आणि बिनसोंडेच्या हत्तीकडे बघून आपली बोटं मोजतात. पान्हा दिवाकर धरतो. भाषणही आता दिवाकरच करतो, पोट पुढे काढून, हात नाचवून, आणि शेवटी स्टुलावर बसलेल्या तुकोजींकडे बोट दाखवून. नकाशाला आता दाखवायला दुसरं गाव मिळालंय.

परवा एका नव्या क्लीनरपुढे दिवाकरनं सुरुवात केली, "भिया, बॅटरी कोणाचा बाप..."

"थांब," स्टुलावरून आवाज आला.

सगळे वळले. तुकोजींनी चार बोटांचा पंजा वर केला होता.

"इतकी वर्षं नक्कल करतोस, अजून जमत नाही तुला. 'भिया'नंतर थांबायचं असतं. समोरच्याला घाम फुटेपर्यंत."